आमचं फक्त जंगली

आम्ही चौघं वर्षातून एकदा भेटतो, बहुतेक कुणाच्या तरी लग्नात. ठरवून कुणी काही सांगत नाही. पण पंगतीत शेजारी बसलो की पहिला घास गिळायच्या आत गजानन कोपरानं ढोसतो आणि म्हणतो, "शेट, ते तडसाचं सांग ना." मग एकातून दुसरा निघतो, दुसऱ्यातून तिसरा, आणि वाढपी दोनदा बुंदी घेऊन येऊन जातो तरी आमचं लक्ष नसतं. असे किस्से कुणी जमवायला जात नाही. घरात रिकाम्या डब्या साठतात तसे ते साठतात, फेकवतही नाहीत. यातले बारा आणे खरे आहेत. उरलेले चार आणे गजाननचे.

महाराष्ट्र होऊन दहाएक वर्षं झाली असतील. बुलडाण्याच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या प्राणिशास्त्रात 'वन्यप्राणी' नावाचा नवा विषय सुरू झाला. आणला सपकाळ सरांनी, युनिव्हर्सिटीत खेटे घालून घालून. मंजुरीच्या पत्रात 'प्रायोगिक तत्त्वावर' असं लिहिलं होतं. त्याचा अर्थ सरांनी पहिल्याच तासाला सांगितला. प्रयोग प्राण्यांवर नव्हता, आमच्यावर होता.

पहिली तुकडी चार जणांची. नांदुऱ्याच्या धान्याच्या आडत्याचा मुलगा मी, म्हणून 'शेट'. मोताळ्याचा गजानन. देऊळघाटची विमल, वर्गातली एकुलती मुलगी. तिनं पहिल्याच दिवशी आम्हा तिघांच्या नावापुढं 'भाऊ' लावून टाकलं आणि तीन वर्षांचा प्रश्न मिटवला. चौथा उंद्रीचा शालिक. तो फारसा बोलायचा नाही.

मी नापास झालो असतो तर दुकानाच्या गादीवर बसलो असतो. गजाननला मामाचं हॉटेल होतं. शालिकचं तसं नव्हतं. त्याच्या वडिलांनी त्याला कॉलेजात घालताना एवढंच सांगितलं होतं, "तीन वर्सं देतो तुले. चौथं मागू नको." ते आम्हाला पाठ होतं, कारण शालिक स्वतःच ते आठवड्यातून एकदा म्हणायचा. आणि या विषयात नापास व्हायची एक खास सोय होती. शेवटच्या वर्षी प्रत्येकानं एका रानटी जनावराचं साठ दिवस निरीक्षण करून जर्नल लिहायचं. जर्नल नापास तर विषय नापास, विषय नापास तर वर्ष गेलं. बाहेरगावचा परीक्षक ते तपासणार होता.

* * *

घरी हा विषय समजावून सांगणं हीच पहिली परीक्षा होती. माझ्या वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "उंदरांचं काही शिकवतात का? गोदामात लई झाले."

पहिल्या दिवाळीच्या सुटीत शेजारच्या काकू बकरी घेऊनच आल्या. दोन दिवसांपासून ती पाला खात नव्हती. मी म्हटलं, काकू, मी ढोरांचा डॉक्टर नाही होत. त्यांनी विचारलं, मग काय होतोस? मी छाती काढून सांगितलं, "आमचं फक्त जंगली असतं."

काकूंनी बकरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मंग हिले जंगलात सोडून आणू का? तवा पाह्यशील?"

* * *

विषय नवा, त्यामुळे पुस्तक नव्हतं. होतं ते एकच, अमेरिकेतून आलेलं, आणि त्याला सर वर्तमानपत्राचं कव्हर घालून कपाटात ठेवत. ते पुस्तक बर्फावर फार जोरात होतं. बर्फात हरणं काय खातात, बर्फात अस्वल कसं झोपतं, नदी गोठल्यावर बीव्हर नावाचा प्राणी घरात कुठून शिरतो, हे आम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. बीव्हर कसा दिसतो ते मात्र माहीत नव्हतं, कारण चित्राचं पान आधीच कुणीतरी फाडून नेलेलं होतं.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांकडेही तेच पुस्तक असावं. पहिल्या वर्षीच्या परीक्षेत दहा मार्कांना प्रश्न आला, अतिबर्फवृष्टीचा हरणांच्या स्थलांतरावर होणारा परिणाम लिहा. एप्रिलचा महिना. पंखा बंद. पेपरावर घाम गळत होता, शाई फुटत होती आणि आम्ही चौघं बर्फ पाडत होतो.

सगळे फर्स्ट क्लास! सरांनी पेढे वाटले. त्याच आठवड्यात देऊळघाटच्या एका म्हाताऱ्यानं विमलला विचारलं, उन्हाळ्यात पाझर आटला की आपल्याकडची हरणं कुठं जातात गं? विमल म्हणाली, "आजा, ते पुढच्या वर्षाला हाये."

पुढच्या वर्षालाही नव्हतं.

* * *

आता तडसाचं.

कॉलेजच्या म्युझियममध्ये बाटल्यांतले साप बरेच होते. पण अंगावर केस असलेलं जनावर एकच, पेंढा भरलेलं तडस. त्याचा डावा कान उंदरांनी खाल्ला होता. सर बिचारे पाठीचा उतार दाखवत, अंगावरचे पट्टे दाखवत, पण आमची नजर कानावर. ओळख पटवायच्या प्रॅक्टिकलला तेच तडस यायचं आणि आम्ही दारातूनच ओळखायचो.

दुसऱ्या वर्षी बोथ्याच्या जंगलात सकाळी सहल गेली. नाल्याच्या काठानं एक जनावर निवांत चाललं होतं. पाठ उतरती, अंगावर पट्टे. आम्ही चौघं झुडपाआड. गजानननं दुर्बीण लावली, बराच वेळ पाहिलं आणि निकाल दिला, "तडस नाही बे. दोन्ही कान हायेत."

आम्ही एकमतानं वहीत लिहिलं, 'अनोळखी प्राणी, एक.' शेजारी उभ्या असलेल्या गुराख्यानं विचारलं काय लिहिलं म्हणून. वाचून दाखवलं. तो म्हणाला, "अनोळखी काऊन? रोजच जाते ते इथून."

सरांनी वही वाचली. दुसऱ्या दिवशी म्युझियमच्या तडसाला मातीचा डावा कान लावलेला होता, रंग वगैरे देऊन. सरांना वाटलं प्रश्न मिटला. आमच्या मागून आलेल्या तुकडीतल्या पोरांनी त्या वर्षी पेपरात लिहिलं, 'तडसाचा डावा कान उजव्यापेक्षा जाड असतो.'

* * *

जिवंत वन्यप्राण्यांबद्दल अधिकारानं बोलणारा माणूस पंचक्रोशीत एकच होता, आणि त्यानं ते सगळे मारलेले होते. दादासाहेब म्हणत त्यांना. जुने परवानाधारक शिकारी, पिळदार मिशा, मऊ आवाज. सरांनी नाइलाजानं त्यांची चार व्याख्यानं ठेवली.

दादासाहेब फळ्यावर सांबर फार सुंदर काढत. मग त्यावर खडूनं फुल्या मारत. विमलनं विचारलं, सांबराची फुप्फुसं नेमकी कुठवर असतात? दादासाहेबांनी एक फुली मारली. "ही इथं. पण इथं मारू नका ताई, लई लांब पळते." रक्ताभिसरण विचारलं तर जखमी जनावराचा माग कसा काढायचा ते सांगितलं. पचनसंस्थेबद्दल म्हणाले, तिकडं मारूच नये, मांस खराब होतं.

पण सांगायला हरकत नाही, त्यांच्यामुळं आम्हाला शरीररचना पक्की आली. सहामाहीला प्रश्न होता, सांबराच्या हृदयाचं स्थान आकृतीसह स्पष्ट करा. गजानननं आकृती काढली आणि लिहिलं, 'पुढच्या पायाच्या मागे चार बोटं. इथं लागली की जागीच बसतं.' खाली काडतूसही सुचवलं.

सरांनी दहापैकी आठ दिले. समासात शेरा होता, 'काडतूस विचारलेलं नव्हतं.'

* * *

हिवाळ्यात अस्वलं बोरं खातात. हे पुस्तकात नव्हतं, आम्ही स्वतः शोधून काढलं, आणि कशावरून ते सांगायला नको. सरांनी नमुने गोळा करून आणायला सांगितलं. आम्ही वर्तमानपत्राच्या पुड्या बांधल्या, वर चिठ्ठ्या लावल्या आणि पिशवी घेऊन एस.टी.त चढलो. गाडी गच्च भरलेली.

कंडक्टरनं पिशवीत काय म्हणून विचारलं. विमल खोटं बोलत नसे. "अस्वलाची विष्ठा," ती म्हणाली. कंडक्टरला तो शब्द लागला नाही. शालिकनं सोपं करून सांगितलं, "शेण, अस्वलाचं."

कंडक्टर विचारात पडला. त्यानं खिशातलं नियमांचं पुस्तक काढलं, उलटसुलट चाळलं. "कोंबडीचं तिकीट माह्यत हाये. बोकडाचं माह्यत हाये. अस्वल सोता आलं असतं तं त्याले बी कशात तरी बसोलं असतं. यानं नुस्तं शेणच पाठोलं."

तोवर आजूबाजूचे लोक उठून पुढं सरकले होते. आम्ही चौघं पाय पसरून बसून आलो, त्या रस्त्यावर बसायला जागा मिळाल्याची ती एकच वेळ. उतरताना कंडक्टरनं हळूच विचारलं, उद्या पुन्हा आहे का? का, म्हटलं. "नाही, उद्या बजार हाये. लई गर्दी राह्यते."

* * *

मे महिन्यात पाणवठ्यांवर गणती. चार पाणवठे, चार जण, सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत झाडावर बसायचं. मी दिवसभरात असंख्य शेळ्या पाहिल्या, घागरी घेऊन आलेल्या बाया पाहिल्या, आणि एक रखवालदार, जो माझ्याच झाडाखाली झोपला. आणि दुपारी आले रोही. रोही म्हणजे पुस्तकातली नीलगाय. मोजून सात, एक नर आणि सहा माद्या. नराचं डावं शिंग मोडकं.

संध्याकाळी कळलं, प्रत्येकाला सात दिसले होते. सर हरखून गेले. सात चोक अठ्ठावीस! त्यांनी अहवाल टाइप करवून जंगल खात्याच्या कचेरीत पाठवून दिला. त्यानंतर विमलनं विचारलं, "सर, चारही नरांचं डावंच शिंग कसं मोडलं असंल?" सर एकदम खाली बसले.

तीन महिन्यांनी कचेरीचं पत्र आलं. आपण कळविलेल्या अठ्ठावीस रोह्यांपैकी आमच्या तपासणीत सातच आढळले, उर्वरित एकवीस रोह्यांबाबत त्वरित खुलासा करावा. सर दोन दिवस खुलासा लिहीत होते. शेवटी लिहिलं, 'सदर एकवीस रोही हे वरील सातांतच समाविष्ट आहेत.'

उलट टपाली उत्तर आलं, 'समाविष्ट करण्यापूर्वी परवानगी घेतली होती काय?'

* * *

मग आलं शेवटचं वर्ष आणि ते जर्नल.

मी मुंगूस घेतलं. आमच्या गोदामामागच्या बाभळीत ते राहायचं, म्हणजे घरबसल्या काम. वडील पहिल्यांदाच खूश झाले, कारण मुंगूस उंदीर खातं. विमलनं वानरं घेतली, देऊळघाटला तिच्या घराच्या पत्र्यावर यायची ती. तिच्या जर्नलमध्ये एक रकाना होता, 'निरीक्षणात आलेले अडथळे', आणि त्यात बहुतेक दिवशी 'आई' असं लिहिलेलं होतं.

गजानननं अस्वल घेतलं. सर नको म्हणत असताना घेतलं. त्याला वाटलं, परीक्षक नुसत्या नावानंच गार होईल. साठ दिवस तो इमानदारीनं टेकडीवर जाऊन बसला. 'दिवस पहिला. अस्वल दिसले नाही.' 'दिवस दुसरा. आजही नाही.' पुढं पुढं त्याची भाषा सुधारत गेली. 'दिवस सव्वीस. अस्वलाने दर्शन दिले नाही.' 'दिवस एकतीस. आज अस्वल दिसले.' आणि खाली, वेगळ्या शाईनं, 'जवळ गेल्यावर तो दगड निघाला.'

परीक्षकानं पुढं ते जर्नल वाचून त्याला विचारलं, यातून तुम्ही निष्कर्ष काय काढला? गजानन म्हणाला, "सर, अस्वल मानसाले टाळते." पास केलं त्याला!

* * *

शालिकनं रोही घेतला.

त्या हिवाळ्यात तो रोज उशिरा यायचा. उंद्रीहून यायचं म्हणजे लांब, हे खरं, पण हा पहिला तास संपता संपता यायचा, पँट गुडघ्यापर्यंत दवानं भिजलेली. सर चिडायचे. एक दिवस त्याला उभं करून म्हणाले, वर्ष वाया घालवायचं आहे का? शालिकचा चेहरा पांढरा पडला. "जर्नल लिहून राह्यलो सर," एवढंच म्हणाला. कुठं जातोस निरीक्षणाला, हे आम्ही कुणी विचारलं नाही. मला आज त्याचा राग येतो, स्वतःचाच. आम्ही आपले मुंगसात आणि वानरात गुंग.

सरांनी जर्नलसाठी एक नियम घालून दिला होता आणि तो आमच्याकडून पाठ करून घेतला होता. निरीक्षकानं जनावराला बोलवायचं नाही, खायला घालायचं नाही आणि काही झालं तरी हाकलायचं नाही. हाकललं की निरीक्षण बाद.

मार्चमध्ये तोंडी परीक्षा झाली. परीक्षक बारीक चष्म्याचे, कमी बोलणारे. आम्ही तिघं सुटलो होतो आणि शालिकसाठी दारातच घुटमळत होतो. आतलं सगळं ऐकू येत होतं. परीक्षकांनी त्याचं जर्नल उघडलं आणि पानं उलटता उलटता त्यांचा हात मंदावला. मग ते मोठ्यानं वाचू लागले.

"दिवस चौथा. मादी एक, पिल्लू एक. सकाळी सव्वासहाला आली. हरभऱ्याचे तिसरे तास संपवले. आधी शेंडे खाते, मग घाटे." पान उलटलं. "दिवस अठरावा. नववे तास. पिल्लू आता आईच्या पुढे चालते. मादी रोज एकाच जागी लेंड्या टाकते." पुन्हा पान. "दिवस एकेचाळीस. हरभरा संपला. निरीक्षण बाजूच्या गव्हात चालू."

परीक्षकांनी चष्मा काढला. विचारलं, तास म्हणजे काय? शालिकनं सांगितलं, पेरणीची ओळ. इतकं जवळून, इतक्या नेमानं त्यांनी कुठल्याच विद्यार्थ्याचं काम पाहिलेलं नाही, असं ते म्हणाले. मग थांबून त्यांनी विचारलं, "हे शेत कोणाचं?"

"आमचं, सर."

सपकाळ सर खिडकीबाहेर पाहत होते.

परीक्षकांनी जर्नल मिटलं आणि वर पहिला नंबर लिहिला.

बाहेर कडुनिंबाखाली शालिकचे वडील सकाळपासून बसले होते. धोतर, खांद्यावर पंचा, वहाणा काढून बाजूला नीट ठेवलेल्या. तीन वर्षांत ते पहिल्यांदाच कॉलेजात आले होते. आम्ही सगळे सरांच्या मागं बाहेर आलो. शालिक सर्वांत मागं, मान खाली.

वडील उठले. त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही, सरांना नमस्कार केला आणि विचारलं, "पास झाला का मास्तर?"

सरांनी हो म्हणून सांगितलं, पहिला आला म्हणून सांगितलं.

"मंग आता हाकलू का तिले? गव्हात हाये अजून. पिल्लू बी हाये."

सर एरवी वर्गात पुस्तकी बोलायचे, त्या दिवशी त्यांना ते जमलं नाही. "अवं, साठ दिवस तं कवाच झाले. काऊन नाही हाकलली इतके दिवस?"

वडिलांनी पंचा झटकला, वहाणा पायात घातल्या.

"नापास झाला असता, तं पुढच्या साली कुठून आणली असती?"